तीन वेळा एकसष्ट

१

ज्या कागदानं लालासाब मुल्लांना घरी बसवलं तो जेमतेम दीड पानांचा होता, आणि त्याखाली सही होती श्रुती कुरणेची.

२००५ चा जानेवारी. शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात भर दुपारी पावणेतीनला बॉयलरची ट्यूब फुटली. कारखान्याचं नाव घेत नाही, तिथल्या माणसांनी आधीच पुष्कळ ऐकून घेतलंय. ड्रममधलं पाणी तळाला गेलं होतं आणि खाली आग पूर्ण जोरात चालू होती. फायरमन आकाराम वाफेत सापडला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. मागं बायको विठाबाई आणि दोन लेकी.

पाण्यावर नजर ठेवायचं काम लालासाबचं. अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, केबिनमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर बसलेला. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, की पडद्यावर पाणी एकसष्ट टक्के दिसत होतं, शेवटपर्यंत एकसष्ट. ऐकणारे मान हलवायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, जेवणानंतरची वेळ, डोळा लागला असणार म्हाताऱ्याचा.

तो संगणक राजारामपुरीतल्या एका सहा माणसांच्या कंपनीनं बसवलेला. आकडे दाखवणारा आणि साठवणारा प्रोग्राम तिथल्या सूरजनं लिहिलेला. त्याच्याही खाली, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या सगळ्या कारभाराच्या गाभ्यात, पडद्याच्या कार्डाचा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे गाभा आणि कार्ड यांच्यातला दुभाषा म्हणा. तो त्याच कंपनीतल्या श्रुतीचा. कार्ड जुनं, स्वस्तातलं, बनवणाऱ्यांनी कधीच वाऱ्यावर सोडलेलं. त्याचा ड्रायव्हर सांभाळणारी हातकणंगल्याची ही मुलगी जगात एकटीच उरली होती, आणि तिला त्याचा अभिमान होता. का नसावा? परदेशातली मोठमोठी माणसं तिच्या दुरुस्त्या वाचून घेत होती.

अपघातानंतर कारखान्यानं तिलाच बोलावलं. तिनं साठवलेली नोंद काढली. दोन वाजता साठ टक्के, सव्वादोनला सेहेचाळीस, अडीचला सत्तावीस, पावणेतीनला आठ. पाणी आणणाऱ्या पंपाची चाळणी तुंबून ते हळूहळू उतरत गेलेलं. तिनं अहवालात लिहिलं, 'संगणकानं पातळी अचूक नोंदवली आणि ती पडद्यावर दिसत होती.'

वाक्याचा पहिला अर्धा भाग तिनं डोळ्यांनी बघितला होता. दुसरा भाग लेखणीच्या ओघात आला. त्या दुसऱ्या भागावर लालासाब निलंबित झाला. सोमवारी शेवटची चौकशी होती, तिच्यात त्याची नोकरी जायची आणि पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार व्हायची, हे ठरल्यातच जमा होतं.

आणि आधीच्या बुधवारी सकाळी लालासाबची बायको बिबीजान कंपनीचा जिना चढून आली.

२

बिबीजान भांडायला आली नव्हती. भांडली असती तर श्रुतीला सोपं गेलं असतं. तिनं पदराखालून एक झेरॉक्स काढली आणि टेबलावर पसरली. अपघाताच्या दिवशीचं बॉयलरचं रजिस्टर होतं ते. दर पाव तासाला अटेंडंटनं, म्हणजे लालासाबनं, पडद्यावरचे आकडे बघून हातानं लिहायचे, अशी पद्धत. दोन वाजता पातळी ६१.४, दाब ४१.८. सव्वादोनला पातळी ६१.४, दाब ४१.८. अडीचलाही तेच.

साहेब लोक म्हणाले होते की हा तर पुरावाच. एका बैठकीत तीन ओळी खरडल्या आणि गडी झोपला.

"बाई, मी शिकल्याली न्हाय," बिबीजान म्हणाली. "पण खोटं लिवणारा माणूस तीनदा एकच आकडा लिवंल व्हय? जरा इकडं-तिकडं करंल की."

श्रुती त्या कागदाकडं बघतच राहिली. खरं होतं. खोटी नोंद करणारा एकदा साठ लिहितो, एकदा बासष्ट लिहितो. अठ्ठावीस वर्षं आकडे लिहिलेल्या माणसाला दाब कसा खालीवर होतो हे कळत नाही? दशांशासकट तोच आकडा तीनदा लिहिणारा एकतर निव्वळ बावळट हवा, नाहीतर समोर दिसतंय ते इमानानं उतरवणारा हवा.

म्हातारी गेल्यावर श्रुतीनं सूरजला गाठलं. चित्र थिजण्याचं पहिलं कारण म्हणजे ते काढणारा प्रोग्रामच अडकणं, आणि प्रोग्राम सूरजचा. सूरज चिडला. त्यानं तिला नोंदीची फाइल पुन्हा उघडायला लावली आणि विचारलं की साठवणारा आणि दाखवणारा प्रोग्राम एकच आहे, तो अडकला असता तर अडीचचे सत्तावीस कुणी लिहिले असते, तुझ्या आजोबांनी? तिला हसू आलं नाही. बरोबर होतं त्याचं. प्रोग्राम जिवंत होता, सत्तावीस म्हणत होता. लालासाब एकसष्ट बघत होता. म्हणजे गफलत मधल्या कुठल्यातरी पायरीवर होती, आणि मधे फक्त दोनच गोष्टी होत्या, कार्ड आणि तिचा ड्रायव्हर.

ती स्वतःशी म्हणाली, कार्डच असणार.

३

गुरुवारी ती कारखान्यात पोचली. उपकरण विभागाचा सुपरवायझर पृथ्वीराज माने तिला बघून चहा सांगायला धावला, तेव्हाच तिला शंका आली. बॉयलरच्या केबिनमधल्या संगणकाचं कपाट आतून लखलखीत होतं. बाजूच्या दोन्ही कपाटांत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा बोटभर बसलेला आणि नेमकं हेच एक पुसलेलं.

तिनं विचारलं, हे कधी साफ केलं? पृथ्वीराज आधी म्हणाला, दर महिन्याला करतो. तिनं बाजूच्या कपाटावर बोट ओढून त्याच्यासमोर धरलं. मग तो खुर्चीत बसला आणि सगळं ओकला. अपघाताच्या संध्याकाळी त्यानं कपाट उघडलं तेव्हा कार्डाचा छोटा पंखा भुशानं गच्च झालेला होता, फिरतच नव्हता. कार्ड हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं. संगणक बंद करून त्यानं ते झाडून काढलं आणि तोंडाला कुलूप घातलं. एवढंच नाही, धोक्याचा भोंगा सारखा उगाच वाजायचा म्हणून त्याची तार त्यानं महिन्यापूर्वी काढून ठेवली होती. वरच्यांना ते माहीत होतं, तोंडी.

"लालासाबचं वाटोळं व्हाय लागलंय हे दिसत हुतं मला," पृथ्वीराज खाली बघत म्हणाला. "पण माजी पोरगी बारावीला हाय."

श्रुतीनं त्याला दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि मिटलं. निदान हा आपलं पाप ओळखून तरी होता.

परतीच्या एसटीत तिनं जुळवाजुळव केली. भुसा बसला, पंखा थांबला, कार्ड तापलं आणि अडकलं. चित्र तिथंच थांबलं, मागं प्रोग्राम चालूच. चोर सापडला, तिला हायसं वाटलं. हातकणंगले मागं पडलं तसं मात्र तिच्या मनात काहीतरी टोचायला लागलं. ते कार्ड अडकणं ही काही नवलाई नव्हती. दर हंगामात, दर कारखान्यात ते तापून अडकायचं, आणि अडकलं की पडदा काळा पडायचा. सगळ्यांना माहीत होतं ते. तक्रारींनी फाइल भरली होती.

मग त्या दुपारी तो काळा का नाही पडला?

४

शुक्रवारी ती लालासाबच्या घरी गेली. त्यानं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसला. तिच्या अहवालाचं नावही काढलं नाही. ती आपणहून म्हणाली की चाचा, मी ते लिहायला नको होतं. तो म्हणाला, "तुमी बघितलं ते लिवलंसा, मी बघितलं ते मी लिवलं." तिनं ते बघितलंच नव्हतं ना.

तिनं विचारलं की पूर्वी पडदा काळा पडायचा तेव्हा तुम्ही काय करत होता.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. त्यांची एक रीत होती, त्यानं सांगितलं. पडदा काळा पडला की लालासाब पान्यानं पाइपवर दोन ठोके द्यायचा. खाली आकाराम ते ऐकायचा आणि लोखंडी शिडी चढून ड्रमच्या काचेत पाणी बघायचा. बॉयलरला पाण्याची खरी काच असतेच, संगणक असो नसो. पाणी अर्ध्याच्या वर असलं तर आकाराम हात उंच करायचा, कमी असलं तर आडवा. पडदा परत येईपर्यंत तो वरच बसायचा. दिवसातून सहासात वेळा व्हायचं हे. कारखान्याच्या कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नव्हतं, दोघांनी आपापसांत बसवलेलं.

"आन् ह्या सीझनला?" श्रुतीनं विचारलं.

"ह्या सीझनला कुठं काळा पडतोय? दिवाळीत तुमीच दुरुस्ती केलासा की. आकाराम लई खूश हुता. त्याचं गुडघं दुखायचं ना."

श्रुतीला आठवला तो. नोव्हेंबरात ती नवा ड्रायव्हर बसवायला आली तेव्हा एक काळासावळा, हसरा माणूस केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला होता, बाई, माजं गुडघं वाचवलंसा. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात गुळाची एक ढेप पाठवली होती. सहाही जणांनी वाटून घेतली.

ती उठली. तिला आत्ताच्या आत्ता राजारामपुरी गाठायची होती.

५

तिनं त्याच जातीचं एक कार्ड संगणकात बसवलं, वर सूरजचा प्रोग्राम चढवला आणि पडद्यावर एक ते शंभर आकडे फिरत ठेवले. तोच आकडा शेजारच्या संगणकावरही येत होता. मग कार्डाच्या पंख्यात तिनं काडेपेटीतली काडी अडकवली आणि समोर बसली. सूरज तिच्यामागं येऊन उभा राहिला.

पंचवीस मिनिटांनी पडद्यावरचा आकडा त्रेपन्नवर थांबला. शेजारी चोपन्न झाले, पंचावन्न झाले. पडदा काळा पडला नाही. त्रेपन्न सुबक, ठसठशीत, डोळ्यांना जराही त्रास न देता उभा होता. एक मिनिट गेलं, दहा गेली, अर्धा तास गेला. सूरजनं आणलेला चहा तसाच निवला.

आता ती दिवाळीची दुरुस्ती काय होती ते सांगतो. कार्ड अडकलं की जुना ड्रायव्हर ते बंद करून पुन्हा उठवायचा. तेवढा वेळ, कधी दोनतीन सेकंदं तर कधी कार्ड निवेपर्यंत, पडदा काळा. उठलंच नाही तर तो काळाच राहायचा. गिऱ्हाइकं बोंबलायची. कंपनीचे मालक जयसिंगराव रोज सांगायचे की श्रुती, त्या काळ्याचं काहीतरी कर, लाज वाटते. तिनं दोन आठवडे खपून युक्ती काढली. कार्ड उठवताना पडदा विझवायचाच नाही, शेवटचं चित्र तसंच धरून ठेवायचं. बघणाऱ्याला डोळा लवल्याचंही कळत नव्हतं. तक्रारी एका आठवड्यात बंद झाल्या. तिनं ती दुरुस्ती कर्नलवाल्यांना पाठवली, त्यांनी वाहवा करून सगळ्यांच्या कर्नलमध्ये घेतली.

उठलं नाही तर पुन्हा उठवायचं, असं तिनं लिहिलं होतं. पुन्हा नाही तर पुन्हा. किती वेळा ते लिहिलंच नव्हतं. तोपर्यंत शेवटचं चित्र जागचं हलत नव्हतं.

"मी तुला विचारलं होतं," सूरज हळू आवाजात म्हणाला.

विचारलं होतं त्यानं. दुरुस्ती तपासताना म्हणाला होता, आणि कार्ड उठलंच नाही तर गं? ती हसली होती. म्हणाली होती, उठतंय रे, माझं कार्ड आहे ते, मला माहितीय. ते शब्द आता तिच्या कानात जसेच्या तसे वाजायला लागले. खाली मान घालून ती इतकी रडली की सूरज घाबरून दार लावायला गेला.

६

शनिवारी तिनं जयसिंगरावांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं कपाळ धरलं आणि मग म्हणाला की खोटं बोलू नकोस, पण जेवढं पुरेल तेवढंच बोल. भुसा बसला, पंखा थांबला, पडदा गोठला. लालासाब सुटतो, आपली कंपनीही वाचते. तपशील विचारतंय कोण?

मोह कसा असतो बघा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त लालासाबच्या जागी पृथ्वीराज माने येऊन बसला असता. रविवारभर श्रुती ते वाक्य घोळवत राहिली, आणि दर वेळी तिला तिचं पहिलं वाक्य आठवायचं, ते अर्धं खरं असलेलं.

सोमवारी चौकशीच्या खोलीत कारखान्याचे एम.डी., दोन संचालक, कोपऱ्यात लालासाब आणि दाराशी पृथ्वीराज. श्रुतीनं काडी अडकवलेला संगणक बरोबर नेला होता. तिनं आधी रजिस्टर दाखवलं आणि तीन सारखे आकडे हा लबाडीचा नाही, इमानाचा पुरावा कसा, ते सांगितलं. मग नोंदीतले सत्तावीस दाखवून प्रोग्राम शेवटपर्यंत जिवंत होता हे दाखवलं. भुशाचं आणि भोंग्याच्या तारेचं पृथ्वीराजनं आपण होऊन कबूल केलं. एम.डी. म्हणाले, चला, म्हणजे कारण सापडलं.

"नाही सर," श्रुती म्हणाली. "भुसा दरवर्षी बसतो. गेल्या वर्षीपर्यंत भुसा बसला की पडदा काळा पडायचा आणि आकाराम काच बघायला वर चढायचा. ते काळं पडणं मी बंद केलं. लोकांना आवडत नव्हतं म्हणून."

तिनं पुढचं एका दमात सांगून टाकलं, पहिल्या अहवालातलं न बघता लिहिलेलं वाक्यसुद्धा. संचालकांपैकी एकानं विचारलं की बाई, हे तुम्ही लिहून द्याल का. तिनं पर्समधून कागद काढला, लिहूनच आणला होता.

लालासाबचं निलंबन तिथंच मागं घेतलं गेलं. पृथ्वीराजला नोटीस मिळाली, कंपनीचं कारखान्यातलं काम गेलं. जयसिंगराव तिला एक शब्दही बोलले नाहीत, हे तिला सगळ्यात जड गेलं. त्याच दुपारी तिनं आपली दुरुस्ती कर्नलमधून काढून टाकायचं पत्र जगभरच्या लोकांना पाठवलं, कारण स्वच्छ लिहून. एकाचं उत्तर लगेच आलं, की पडदा काळा पडला तर वापरणारे तक्रार करतील. तिनं उलट लिहिलं, करू देत.

७

विठाबाईला यातलं कुणीच काही सांगितलं नव्हतं. मंगळवारी श्रुती तिच्या दारात गेली तेव्हा ती उन्हात शेंगा निवडत होती. शेजारच्या बाळाबाईंनी बसायला पाट टाकला. श्रुती पाटावर बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, संगणक, कार्ड असले शब्द टाळून, जेवढं सरळ सांगता येईल तेवढं. मावशी, लालासाबचाचांचा दोष नव्हता. माझ्या हातनं झालं.

ती शिव्या खायच्या तयारीनं आली होती. खरं सांगायचं तर शिव्या मिळाव्यात अशीच तिची इच्छा होती, म्हणजे जरा हलकं वाटलं असतं.

विठाबाईचे हात थांबले. तिनं विचारलं, "तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं?"

"नाही."

"लालासाब तेराव्याला आलता हितं. पाया पडाय वाकला. मी त्याच्या अंगावर थुकले." तिचा आवाज चिरकला. "दोघं पंचवीस वरसं एका डब्यात जेवल्यात गं. आन् मी थुकले."

आपण दीड पानांचा कागद लिहिला तेव्हा त्यात हेही लिहिलं जात होतं, याची श्रुतीला कल्पनाच नव्हती. ती मटकन खाली मातीतच बसली. विठाबाईनं तिला ना जवळ घेतलं, ना लोटलं. मग ती स्वतःच उठली, पदर सारखा केला आणि चपला पायात घातल्या.

"चल," ती म्हणाली. "एकटीला मला त्या दारात जाववायचं न्हाय. तू हाईस न्हवं गुन्हेगार, तू म्होरं हो."

दोघी मळ्याच्या वाटेनं निघाल्या, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरना बाजू देत. मुल्लांच्या दारात बिबीजाननं त्यांना बघितलं आणि आत वळून हाक मारली. लालासाब बाहेर आला. श्रुतीनं जे मनात जुळवलं होतं ते ओठांवर यायच्या आत, आणि विठाबाईनं हात जोडायच्या आत, तो भिंतीला धरून उंबऱ्यावर बसला.

"विठाबाई," तो म्हणाला, "पडदा काळा पडू दे न्हाय तर न पडू दे, त्याला दिसातनं एकदा तरी काच बघाय मी वर पाठवाय पायजे हुतं. गुडघं दुखत्यात म्हनला, म्हनून मी सोडून दिलं."

विठाबाई त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. श्रुतीला कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही, म्हणून ती तिथंच उभी राहिली.